गार्सिया द ओर्ता आणि त्याचे न लिहिलेले घर

करंजाच्या द्रोणागिरीवर चढून गेले म्हणजे पोर्तुगीज अमलातील भग्न अवशेषांपाशी मनुष्य सहजच थांबतो. उत्तरेस घारापुरी दिसते, वायव्येस पाण्यापलीकडे मुंबई. लक्ष्मणासाठी मारुतीने उचललेल्या औषधींच्या पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला, असे तेथील लोक सांगतात. ही कथा कशीही असो. औषधींचा शोध घेत ह्या किनाऱ्यास लागलेला, आणि येथेच घर करून राहिलेला, एक पुरुष इतिहासात खचित होऊन गेला. समोरचे मुंबई बेट काही वर्षे त्याच्याच ताब्यात होते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हिंदुस्थानातील औषधींविषयीचा त्याचा संवादग्रंथ गोव्यात 1563 साली छापला गेला. वैद्यांनी व वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो पुष्कळ वाचला. वाङ्मय म्हणून तो फारसा कोणी वाचत नाही. तसा तो वाचला असता काय हाती लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

ऑस्ट्रेलियासारख्या दूरदेशी जाऊन राहिलेल्या इंग्रज कुटुंबांच्या चरित्रांचा साचा आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या परिचयाचा आहे. आरंभी गलबत, मग सरकारातून मिळालेली जमीन, विवाह, मुलेबाळे, आणि शेवटी चर्चच्या आवारातील थडगे. ओर्ताचे चरित्र बहुतेक ह्याच साच्यात बसते. सालामांका व आल्काला येथे शिकून तो लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला, आणि 1534 च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सु द सोझा ह्याच्या आरमाराबरोबर, त्याचा वैद्य म्हणून, इकडे निघाला. पुढे गोव्यात त्याने बिऱ्हाड केले, वैद्यकी व व्यापार केला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा विश्वास संपादला. 1554 च्या सुमारास मुंबई बेट त्यास खंडाने मिळाले. खंड सालीना सुमारे 1,400 पर्दाव. ब्रियांदा द सोलिस ही त्याची पत्नी. त्यास दोन मुली होत्या. साचा पुरा होण्यास आता थडगे तेवढे राहिले. तेच नेमके ह्या गृहस्थाच्या वाट्यास राहिले नाही. पण ते पुढे येईल.

प्रथम ग्रंथ. ह्याचा खरा प्राण त्याच्या संवादरूपात आहे. रुआनो नावाचा एक विद्वान स्पेनहून नुकताच आलेला आहे. ग्रीक व अरबी ग्रंथांची वचने त्याच्या जिभेवर नाचत असतात. यजमान ओर्ता त्यास एकेक पदार्थ दाखवितो, आणि गालेन काय म्हणतो ह्यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले हे सांगतो. रुआनो हे पात्र कल्पित. तथापि त्याच्या तोंडी ग्रंथकर्त्याने आपलेच तारुण्य घातले आहे, असे वाचताना वारंवार वाटते. एक ओर्ता शिकवितो, दुसरा ओर्ता शंका घेतो. क्लुसियसने 1567 साली ह्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढताना संवाद काढून टाकला व माहिती तेवढी ठेवली. युरोपभर पसरला तो हा संक्षेप. शास्त्राची त्यात सोय झाली असेल. माणूस मात्र गेला. 1913 साली मार्कमने केलेल्या इंग्रजी भाषांतरात तो पुन्हा भेटतो.

मराठी वाचकास तर ह्या ग्रंथात पदोपदी ओळखीची माणसे भेटल्यासारखे होते. पटकीच्या रोगास ओर्ता जे नाव देतो ते आपल्या 'मोडशी'चेच पोर्तुगीज रूप होय. कोकमाचे नाव त्याने 'भिरंड' ह्या शब्दावरून घेतले आहे. वसईच्या मुलखातील कुणबी, माळी ह्यांची तो नोंद करतो. घारापुरीस तो 'पोरी' म्हणतो आणि तेथील लेण्यांचे वर्णन करतो. मोडशीच्या प्रकरणात चर्चा रंगली असता रोग्याकडून बोलावणे येते, आणि पुस्तके बाजूस ठेवून वैद्यास उठावे लागते. एवढ्या साध्या योजनेने अनुभवाचे श्रेष्ठत्व ठसविणारा लेखक कच्चा कारागीर नव्हे.

दोषही सांगितले पाहिजेत. मलुपा नावाचा एक देशी वैद्य सोडला, तर ज्यांच्याकडून ही विद्या घेतली ते बहुतेक निनावी राहिले आहेत. आंतोनिया नावाची दासी हाकेसरशी फळे व पाने आणून देते. तिला स्वतःस त्यांविषयी काय ठाऊक आहे, हे कोणी विचारीत नाही. बेटावरील आंब्यांचे कौतुक होते, पण आंबा लावणाऱ्याचे होत नाही. हा जमीनमालकाच्या दृष्टीचा दोष आहे, आणि तो ओर्ताच्या चौकस बुद्धीलाही ओलांडता आला नाही.

ह्याहून मोठे मौन त्याच्या स्वतःच्या घराविषयी आहे. गुजरात व वसई येथील पारशांविषयी लिहिताना तो म्हणतो की आम्ही पोर्तुगीज ह्यांस यहुदी समजतो, पण ते यहुदी नव्हेत. आणि पुरावा देतो: त्यांच्यांत सुंता नाही, डुकराचे मांस त्यांस वर्ज्य नाही. वैद्याने रोग्याची लक्षणे सांगावी तितके हे शांतपणे सांगितले आहे. 'आम्ही पोर्तुगीज' असे म्हणणाऱ्या ह्या लेखकाचे आईबाप स्पेनमधून 1492 साली घालविलेल्या यहुद्यांपैकी होते, आणि पोर्तुगालात 1497 साली त्यांस सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले होते. त्याच्या बहिणींनी लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाचा तुरुंग भोगला. मग आईसह त्या गोव्यास भावाच्या आश्रयास आल्या. 1560 साली ते न्यायालयही गोव्यास आले. ग्रंथ छापला गेला तो त्यानंतर तीन वर्षांनी. 1568 साली ओर्ता वारला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. 1580 साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ही हकीकत कार्वाल्यु ह्या पोर्तुगीज संशोधकाने 1934 साली उजेडात आणली.

चरित्र हाती धरून ग्रंथात नसलेले अर्थ शोधणे हा समीक्षेचा दोष आहे, असा आक्षेप कोणी घेईल. एरवी तो आम्हांसही मान्य आहे. परंतु येथे प्रश्न ग्रंथाच्या घडणीचाच आहे. गालेनविरुद्ध निर्भयपणे बोलणारा हा माणूस देवाविषयी बोलताना एकदम सर्वांसारखा का होतो? आंबा, कोकम, मोडशी ह्यांवर पानेच्या पाने लिहिणारा आपल्या आईस व बहिणींस दारातूनही का डोकावू देत नाही? सत्य सांगण्याची सारी भूक त्याने वनस्पतींवर भागविली, कारण तेवढेच सत्य त्यास सांगता येत होते. ग्रंथाच्या मोकळेपणाला एवढी धार आली ती ह्यामुळे, असे आम्हांस वाटते.

द्रोणागिरीच्या मागे पनवेलीस बेने इस्रायलांचे 1849 साली बांधलेले बेथ एल मंदिर आहे. ह्या जिल्ह्यात ती मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यासाठी त्यांस येथे कोणी जाळले नाही. जो शनिवार ह्या तेल्यांच्या नावातच उघड मिरवत होता, तो पाळल्याचा नुसता संशय बेटाच्या धन्यास प्राणघातक होता. वाचकांनी ओर्ताचा ग्रंथ वाचताना त्यातील फळांचा स्वाद अवश्य घ्यावा. पण रुआनो व ओर्ता बोलत बसले आहेत त्या खोलीच्या आत आणखी एक दार आहे, आणि ते शेवटपर्यंत बंद राहते, हेही ध्यानात ठेवावे.