समाजमाध्यम-निरीक्षणाची साधने आणि विदा-प्रवेशाचे बदलते धोरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

समाजमाध्यमांवरील प्रचार, अफवा आणि जनमत यांच्या अभ्यासाची अनेक साधने विद्यापीठांत घडली. मात्र त्यांना लागणारी विदा, म्हणजेच डेटा, खासगी कंपन्यांच्या ताब्यात असते. कंपनीने एपीआय हे संगणकीय प्रवेशद्वार खुले ठेवले, तरच साधन चालते. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील बर्नहार्ड रीडर यांनी २००९ मध्ये फेसबुकसाठी तयार केलेले 'नेटविझ' हे साधन प्रवेशावरील निर्बंधांमुळे २०१९ मध्ये बंद पडले. पुढे २०२३ मध्ये ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, संशोधकांचा विनामूल्य प्रवेश संपुष्टात आणला. तर मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी 'क्राउडटँगल' बंद केले. या बदलांना सामोरे जाताना दोन साधनांनी स्वीकारलेल्या भिन्न मार्गांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बोटोमीटर : संग्रहित गुणांकाचा मार्ग

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रथम 'बॉट-ऑर-नॉट' या नावाने आणलेले बोटोमीटर, ट्विटरवरील खाते माणूस चालवतो की यंत्र, याचा अंदाज गुणांकाने सांगत असे. ताजी विदा मिळेनाशी झाल्यावर त्याचे रूपांतर 'बोटोमीटर एक्स'मध्ये झाले. हे साधन जून २०२३ पूर्वी संकलित झालेल्या विदेवर आधारित, आधीच काढलेले गुणांक दाखवते. पूर्वीच्या संशोधनाचा संदर्भ टिकवण्याच्या दृष्टीने हा निर्णय प्रामाणिक व उपयुक्त आहे. तथापि, त्यानंतर निर्माण झालेल्या वा स्वरूप बदललेल्या खात्यांविषयी ते काही सांगू शकत नाही. एड्रियन राउखफ्लाइश व योनास कायझर यांनी २०२० मध्येच या साधनाचे गुणांक कालानुसार बदलतात आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेत अधिक चुकतात, असे दाखवून दिले होते. गुणांक गोठवल्याने ही त्रुटी दूर होत नाही. उलट ताज्या विदेवर तिची फेरतपासणी करण्याची वाट बंद होते. निरीक्षणाचे साधन येथे अभिलेखागार बनले आहे.

कूरनेट ते कूरट्वीट : पद्धती आणि स्रोत यांची फारकत

इटलीतील उर्बिनो विद्यापीठात फाबिओ जिल्येत्तो व सहकाऱ्यांनी घडवलेले 'कूरनेट' क्राउडटँगलवर अवलंबून होते. एकच दुवा अत्यंत अल्प अवधीत, वारंवार आणि एकत्रितपणे प्रसृत करणारी खाती ते शोधत असे. २०१८ व २०१९ मधील इटलीच्या निवडणुकांपूर्वीच्या संघटित प्रसाराचा अभ्यास याच पद्धतीने झाला. क्राउडटँगल बंद होताच कूरनेटचा आधार गेला. परंतु पद्धती नष्ट झाली नाही. निकोला रिगेत्ती व पाउल बालुफ यांच्या 'कूरट्वीट'ने ती कोणत्याही एका माध्यमापासून मुक्त केली. खाते, मजकुराची नोंद, प्रसृत झालेली वस्तू आणि प्रसाराची वेळ, एवढे चार रकाने असले की पुरे. विदा कोठून आली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

रचनेच्या दृष्टीने हा मार्ग निःसंशय श्रेष्ठ ठरतो. मात्र त्याची मर्यादाही याच गुणात दडलेली आहे. विदा गोळा करण्याची जबाबदारी साधनाकडून वापरकर्त्याकडे सरकते. साधनसंपन्न विद्यापीठ ती पेलू शकते. लहान महाविद्यालयाला ते कठीण आहे. शिवाय निरनिराळ्या स्रोतांतून, निरनिराळ्या अटींवर मिळालेल्या विदेवरचे निष्कर्ष परस्परतुल्य मानता येत नाहीत. समान सूत्र वापरल्याने समान मापन होतेच असे नाही.

धोरण आणि भारतीय संदर्भ

क्राउडटँगलच्या जागी आलेल्या 'मेटा कंटेंट लायब्ररी'साठी संस्थेला अर्ज करावा लागतो आणि विश्लेषण प्रामुख्याने नियंत्रित संगणकीय कक्षातच करावे लागते. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यातील कलम ४० ने संशोधकांना विदेवर कायदेशीर दावा सांगण्याची सोय केली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला १२ कोटी युरोंचा दंड केला. संशोधकांना सार्वजनिक विदा मिळण्यात आणलेले अडथळे हे त्यामागील एक कारण होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. परंतु ती हाती असलेल्या विदेच्या वापरापुरती आहे. कंपनीकडून विदा मागण्याचा हक्क तो देत नाही. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे क्राउडटँगल बंद झाल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी झाले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष

१. पद्धती आणि विदास्रोत वेगळे ठेवणारे साधन अधिक काळ टिकते.

२. संग्रहित गुणांकांचा वापर करताना त्यांची कालमर्यादा नमूद करणे अनिवार्य मानले पाहिजे.

३. साधनात बदल झाल्यास आधीच्या व नंतरच्या निष्कर्षांची थेट तुलना टाळावी.

४. तांत्रिक जुळवणूक हा कायदेशीर हक्काला पर्याय नव्हे. दार कोणाच्या मर्जीने उघडते, हा प्रश्न अनुत्तरित राहिला, तर उत्तमोत्तम साधनही कंपनी जेवढे दाखवील तेवढेच पाहील, आणि त्यालाच समाजाचे चित्र समजण्याचा धोका संभवतो.