ऋण आणि रोग

गेल्या हिवाळ्यात फरीदाबादच्या आमच्या वसाहतीत एका मराठी गृहस्थांच्या घरी क्षयाचे दुखणे निघाले. औषधोपचार चालू होता आणि गुणही येत होता. अशातच कुणा शेजाऱ्याने सद्‌भावनेने एक हिंदी पुस्तिका आणून दिली. येशूने सोसलेल्या फटक्यांनी मनुष्याचे पापच नव्हे, तर शरीराचे रोगही हरण झाले आहेत; ज्याची श्रद्धा पूर्ण आहे त्याने औषधाकडे कशाला पाहावे, असा तिचा मथितार्थ. घरच्या बाईंनी ती आमच्यापुढे ठेवून विचारले, “भाऊसाहेब, तुम्ही एवढे वाचता, ह्यात खरे किती?” एका वचनाच्या अर्थावर कुणाची औषधाची गोळी अवलंबून असावी, असा प्रसंग टीकाकारावर क्वचितच येतो. म्हणून ती पुस्तिका आम्ही एरवीपेक्षा अधिक काळजीने वाचली.

पुस्तिकेचा सारा आधार यशया संदेष्ट्याच्या 53व्या अध्यायावर आहे. दुसऱ्यांची दुःखे स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या सेवकाचे तेथे वर्णन आहे. नव्या कराराने ह्या अध्यायाचा आधार दोन ठिकाणी दोन रीतींनी घेतला आहे. मत्तयाच्या 8व्या अध्यायात येशू पेत्राच्या सासूचा ताप घालवतो, इतर पीडितांना बरे करतो, आणि तेथे यशयाची आठवण दिली आहे. येथे रोग म्हणजे शरीराचाच रोग, ह्यात शंका नाही. परंतु हे घडते तेव्हा क्रूस अद्याप पुढे आहे. फटके बसायचेच आहेत. उलट पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात जखमांनी बरे होण्याचे वचन येते ते पापाच्या संदर्भात, आणि तेही धन्याचा अन्यायाचा मार खाणाऱ्या दासांना उद्देशून. ज्यांच्या पाठीवरचे वळ ताजे आहेत त्यांना लेखक दुसऱ्याच्या वळांची आठवण देतो; तुमचे वळ उद्या नाहीसे होतील, असे काही तो म्हणत नाही. पुस्तिकेने ही दोन्ही स्थळे एका दोरीत ओवली आणि मधला फरक वाचकापासून लपवला.

ही जोडणी नवी नाही व आमच्या मुलखाला परकीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ए. बी. सिंप्सन ह्यांनी ख्रिस्त हा तारक आहे तसा शरीराचा वैद्यही आहे, असे प्रतिपादन केले; त्यांच्या मिशनचे काम पुढे वऱ्हाडात अकोल्याकडे रुजले. त्याच सुमारास, 1894 मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी मिरजेस रुग्णालय काढले. त्यांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी होती, आणि ती धरण्यात श्रद्धेला काही उणेपणा येतो असे त्यांना वाटले नाही.

मराठी मनाला ह्या मताचे आकर्षण का वाटावे? आमच्याकडे रोग हा प्रारब्धाचा भोग मानला जातो. ज्याचा त्याने भोगावा. ऋण मात्र दुसरा फेडू शकतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस खुली केली, तेव्हा विठू महाराच्या रूपाने विठोबानेच बेदरच्या दरबारी त्याची भरपाई केली, ही कथा सरकारी चाकरीतल्या आम्हा वाचकांना विशेष जिव्हाळ्याची. पेत्राचे वचन ह्या कथेच्या शेजारी सहज बसते. देवाने ऋणाबरोबर आमचा रोगही पत्करला, हे ऐकताना प्रारब्धाचे ओझे उतरल्यासारखे वाटते, आणि पुस्तिकेचे खरे बळ येथेच आहे. पण गुण न आला तर? मग श्रद्धा अपुरी होती, असे ती सांगते. म्हणजे प्रारब्ध गेले आणि त्याच्या जागी रोग्याचा नवा अपराध आला. सुटका म्हणून जे दिले, तेच दुसऱ्या नावाने परत गळ्यात पडले. ह्या मतावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

ह्या आक्षेपाला पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा भक्कम आधार आहे. 1883 मध्ये त्या विलायतेस गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी. परंतु बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली प्रार्थनेची जी लाट उसळली तिची कीर्ती जगभर गेली. बाईंचे बहिरेपण मात्र गेले नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्याआधी गेली. अशा स्थितीत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. म्हणजे यशयाचा 53वा अध्यायही त्यांच्या हाताखालून गेला. आरोग्याचा तो शब्द मराठीत लिहिणाऱ्या बाईंच्या कानांना ते आरोग्य लाभले नव्हते. त्यांची श्रद्धा अपुरी होती, असे म्हणण्याचे धाडस पुस्तिकाकाराने करून दाखवावे!

बरे झालेल्यांच्या साक्षी त्या पुस्तिकेत पानोपानी आहेत. बरे न होताही श्रद्धेने जगलेल्यांना तिच्यात एक ओळही नाही. वाङ्मय म्हणून ती खोटी वाटते ती ह्या मौनामुळे. येशूने रोग्यांना जवळ केले, तेव्हा धर्माने शरीराची उपेक्षा करू नये, हा तिचा आग्रह आम्हांस मान्य आहे. पण शरीराचा आदर करायचा, तर त्याला पडणाऱ्या औषधाचाही करावा लागेल.

बाईंना आम्ही एवढेच सांगितले, की प्रार्थना अवश्य करा, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने एकही दिवस चुकवू नका; क्षयाचे औषध मध्येच सोडले तर दुखणे अधिक हट्टी होऊन परतते. त्यांनी पुस्तिका देवघराच्या फळीवर ठेवली. गोळ्यांची पुडीही तेथेच, तिच्या शेजारी.