ग्रंथपालाचे व्यावसायिक वाचन : एक चिकित्सा

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील अखेरचे सूत्र ग्रंथालयास वर्धिष्णू संस्था मानते. महाविद्यालयांत या वाढीचा अर्थ प्रायः ग्रंथसंख्या व जागा यांपुरता घेतला जातो. ग्रंथपालाच्या ज्ञानाची वाढ त्यात क्वचितच धरली जाते. मीरा-भाईंदरसारख्या शहरात ही उणीव अधिक जाणवते. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. मराठी, गुजराती, हिंदी भाषक घरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गरजा केवळ वर्गीकरण-तालिकीकरणाच्या जुन्या अभ्यासावर भागत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पहिल्या पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि स्वयंचलन व अंकीयीकरणाचे किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले. हेतू स्तुत्य आहे. परंतु या अटींत मोजमाप दिवसांचे होते, वाचनाचे होत नाही. इन्फ्लिबनेटची 'सोल' ही संगणक प्रणाली २००० मध्ये आली. २००९ व २०२१ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. एकदा घेतलेले प्रशिक्षण अशा बदलांना पुरत नाही.

प्रणाली चालविणे हे कौशल्य होय. तिचा उपयोग कोणत्या वाचकासाठी व कसा करावा, हा विवेक मात्र व्यावसायिक नियतकालिकांच्या नियमित वाचनातून येतो. इतरांच्या वाचनाची व्यवस्था पाहणाऱ्या ग्रंथपालास स्वतःच्या वाचनासाठी कामाच्या वेळेत सहसा अवकाश नसतो. महाविद्यालयांनी तो अधिकृतपणे दिल्यास पाचव्या सूत्राचा अर्थ पूर्ण होईल.