षड्जाची वाट पाहणारा चित्रपट

मलकापूर, नांदुरा, शेगाव, मग अकोला आणि त्यापुढे मूर्तिजापूर. गायक वसंतराव देशपांडे १९२० साली जन्मले ते या मूर्तिजापूरच्या मुलखात, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेच्याच वाटेवर. म्हणून निपुण धर्माधिकारी यांचा त्यांच्यावरचा ‘मी वसंतराव’ (२०२२) हा चित्रपट पाहताना आपल्याला परक्याची कथा ऐकल्यासारखे वाटत नाही.

या चित्रपटातला मला सर्वांत प्रिय असलेला धागा मारव्याचा. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून कोवळ्या वसंताला मिळतो तो हाच एक राग. मारवा क्षणभर कानात घोळवून पाहू या. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम मुळातच वर्ज्य. आणि षड्ज, जो प्रत्येक रागाचा विसावा, तो इथे सतत हुलकावणी देणारा. गायक ऋषभ-धैवतावर रेंगाळत राहतो, ऐकणाऱ्याचा जीव ‘सा’साठी आसुसतो आणि ही आस हेच रागाचे सौंदर्य ठरते. सांजवेळची सारी हुरहूर त्यात साठलेली असते. आता वसंतरावांचे आयुष्य आठवा. नागपुरात एकटीने मुलाला वाढवणारी आई, शंकरराव सप्रे यांच्याकडची तालीम, मग लष्करी लेखा खात्यातली वर्षानुवर्षांची नोकरी आणि १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेपर्यंत लांबत गेलेली प्रतीक्षा. गाणे पहिल्यापासून गळ्यात होते. त्याला हक्काचा विसावा मात्र उशिरा लाभला. या जीवनाचा स्थायीभाव मारव्याचाच, आणि चित्रपटाचा सूर त्यातूनच घडला आहे असे मला मनापासून वाटते. जवळपास तीन तासांची त्याची लांबीही म्हणूनच मला खटकत नाही. विलंबित ऐकताना आपण घड्याळ कुठे पाहतो?

संगीत राहुल देशपांडे यांचे, वसंतरावांची भूमिकाही त्यांचीच. नातवाने आजोबांची भूमिका करावी, यात भावुकतेचा मोह केवढा! तो कसा टळला, हे एका तुलनेतून कळते. त्याच नाटकावरच्या २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात हाच गळा सचिन पिळगांवकरांच्या मुखातून ऐकू आला होता, शंकर-एहसान-लॉय यांच्या भरजरी वाद्यमेळात. तिथे संगीत राजदरबारासारखे समोर सजून उभे राहते. इथे गाणारा चेहरा आणि आवाज एकच असल्यामुळे तानेआधीचा श्वास, समेवर येण्याआधी डोळ्यांत चमकलेली खोडकर जिद्द, सारे एकाच देहातून उमटते आणि आपण श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसतो. दुःख कधी आणि किती वाटावे हे व्हायोलिनांच्या ताफ्याने सांगण्याची इथे गरज उरत नाही, कारण प्रसंगाचा भाव गाण्याच्या आतूनच उमलत येतो.

अडुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचा आणि अनमोल भावे यांना ध्वनिरचनेचा सन्मान मिळाला. दोन्ही अगदी योग्य जागी पोचले. रसिकहो, चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा आदल्या संध्याकाळी खुद्द वसंतरावांचा मारवा अवश्य ऐका.