धुराडे आहे, वाफ कुठे?

नेरळ-माथेरान मार्गावरच्या एका डिझेल इंजिनाला 2023 मध्ये वाफेच्या इंजिनाचे रूप देण्यात आले. पर्यटकांना ते आवडेल. पण कर्जत-खालापूरच्या शाळांनी विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृतींसाठी हा नमुना घेऊ नये. 1907 मध्ये हा मार्ग सुरू झाला, तेव्हाच्या ओरेनस्टाइन-कोपेल इंजिनांची खरी करामत धुराड्यात नव्हतीच. पुढच्या आणि मागच्या जोडीची चाके पोकळ नळीवर बसवलेली असत आणि आस नळीच्या आतून जाई. वळणावर नळी जराशी तिरकी होई, आस मात्र सरळच राही. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतही हे दाखवता येते.

वाफच दाखवायची, तर डुलत्या सिलिंडरचे छोटे इंजिन आणावे (विकतचेच, सुरक्षा झडप असलेले, डबा झाळून बाष्पपात्र करू नये). दिसायला ते अगदीच साधे. पण सिलिंडर डुलतो तसे त्याचे भोक आळीपाळीने वाफ येण्याच्या व जाण्याच्या वाटेसमोर येते. वेगळी झडप लागत नाही. ते लवकर थंड का होते, हे मुलांनाच शोधू द्यावे. सर्व मापे निम्मी केली, तर पाणी आठवा हिस्सा उरते. उष्णता गमावणारा पृष्ठभाग मात्र चौथा.