युद्धाच्या उंबरठ्यावरील पत्रे

पुत्राच्या अपहरण-हत्येनंतर (१९३२) वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे कुटुंब १९३५ च्या अखेरीस अमेरिका सोडून इंग्लंडला आले. १९३८ मध्ये ते फ्रान्समधील इलिएक बेटावर गेले. या काळातील अ‍ॅन लिंडबर्ग यांची पत्रे व रोजनिशी ‘द फ्लॉवर अँड द नेटल’ (१९७६) या ग्रंथात एकत्र आली आहेत. आईला लिहिलेल्या पत्रावर धीर देण्याचे बंधन असते. रोजनिशीवर ते नसते. म्हणून दोहोंतील अंतर विशेष अभ्यसनीय होय. ऑक्टोबर १९३८ मध्ये चार्ल्स यांनी गोअरिंगच्या हस्ते जर्मन पदक स्वीकारले. घरगुती जिव्हाळ्याच्या ओघात असे प्रसंग सौम्य भासू लागतात. शिवाय ग्रंथ सिद्ध झाला तो युद्धाचा निकाल सर्वविदित झाल्यावर. प्रांजळ लेखनही राजकीयदृष्ट्या अंध असू शकते, हे समीक्षकाने विसरता कामा नये.