मारिया कॅलसची सुरुवातीची वर्षं: चमत्कार की तालीम?

ऑपेरा-गायिका मारिया कॅलसची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जानेवारी 1949, व्हेनिसचं ला फेनीचे थिएटर. पंचवीस वर्षांची कॅलस तिथे वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूरे’मध्ये ब्रुनहिल्ड गात होती. या भूमिकेला प्रचंड वाद्यवृंदाला पुरून उरणारा भरदार आवाज लागतो. तिथेच बेल्लिनीचं ‘इ प्युरितानी’ व्हायचं होतं आणि त्यातली गायिका आजारी पडली. संगीत-संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी कॅलसला उभं केलं. हाताशी जेमतेम आठवडा. 19 जानेवारीला ती एल्विरा गायली; ही भूमिका हलक्या, चपळ तानांची. लोक म्हणाले, चमत्कार!

आता आपण जरा थांबू. चमत्कार म्हटलं की विचार संपतो. समीक्षेनं विचारायचं ते हे, की तो गळा तोपर्यंत काय करत होता?

1923 साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी 1937 मध्ये आईबरोबर अथेन्सला गेली. तिथे तिला एल्विरा दे हिदाल्गो ह्या गुरू लाभल्या. बाई स्वतः चपळ गळ्याच्या, जुन्या ‘बेल कांतो’ परंपरेतल्या. आपला तास संपला तरी मारिया इतरांचं शिकणं ऐकत बसायची. म्हणजे बघा, पाया हलक्या, लवचिक गायकीचा होता. रंगमंचानं मात्र तिच्याकडून वजनच मागितलं: अठराव्या वर्षी ‘तोस्का’, 1947 मध्ये व्हेरोनाला ‘ला जोकोंदा’, मग ‘तुरांदोत’ आणि ‘इझोल्द’. व्हेनिसला अचानक नवं काही उगवलं नाही. जुनी तालीम कामी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेत्रा कंपनीसाठी तिनं इझोल्द, नॉर्मा आणि एल्विरा अशा तिघींची गाणी ध्वनिमुद्रित केली. ती एकापाठोपाठ ऐका. आवाज भरला तरी स्वराची ओळ तुटत नाही.

कोणी म्हणेल, ह्याच धाडसानं आवाज लवकर गेला. 1965 नंतर ती ऑपेराच्या रंगमंचावर गायलीच नाही, तेव्हा तिचं वय होतं अवघं एक्केचाळीस. शंका रास्त आहे. इतक्या कोवळ्या वयात ‘तोस्का’ गाणं आम्हालाही जोखमीचंच वाटतं. पण आधी हे घडलं, नंतर ते, म्हणून ह्यामुळेच ते, असं म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

शेवटी एक कबुली. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात आम्ही व्हेनिसची ही गोष्ट वर्षानुवर्षं ‘उपजत प्रतिभे’चा दाखला म्हणून सांगितली. ती चूक होती. ॲरिस्टॉटल तर सांगूनच गेला होता, की वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो. मागच्या बाकावर मन लावून घोकणाऱ्या मुलांना आमच्या त्या दाखल्यानं काय वाटलं असेल? ती अथेन्समधली, दुसऱ्यांचे धडे ऐकत बसलेली मुलगी आम्ही त्यांना दाखवायला हवी होती.